शाळेची वेळ आणि खिशातला फोन



शाळेच्या वेळेत विद्यार्थ्याजवळ मोबाइल फोन असावा की नसावा, हा वाद आता घराघरांत, पालकसभांत आणि न्यायालयांतही होऊ लागला आहे. या वादात बोलणारे बहुधा दोन पक्षांत वाटले गेलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, फोन हेच सर्व बिघाडाचे मूळ. तो काढून घ्या म्हणजे मुले आपोआप अभ्यासाला लागतील. दुसरा म्हणतो, काळ बदलला आहे. आता बंदी घालणे म्हणजे घड्याळाचे काटे उलटे फिरविणे होय. दोन्ही पक्ष जोराने बोलतात. पण अशा बंद्या यापूर्वी कोठे घातल्या गेल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी पाहत नाही. ते पाहण्याचा आज प्रयत्न करू.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटातले आणि नगर वाचनालयातले. मात्र कारखान्याच्या फाटकावर एखादा नवा नियम चिकटविला गेला की त्याविषयी काय विचारावे, एवढे या कामात शिकायला मिळते. नियम कोणी केला? तो कोणाकोणाला लागू आहे? मोडला तर शिक्षा काय, आणि ती देण्यापूर्वी समोरच्याचे ऐकून घेतात काय? शेवटी, नियम पाळण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? हे चार प्रश्न शाळेच्या फाटकाशीही विचारण्याजोगे आहेत.

मुलाच्या दिवसाची वाटणी

मुलाच्या दिवसातले काही तास इतर सर्वांच्या हातून काढून घेऊन शाळेला द्यावयाचे, ही कल्पना आज आपणांस स्वाभाविक वाटते. ती तशी नव्हती. इंग्लंडात १८३३ साली जो कारखाना कायदा झाला, त्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले आणि त्यांना रोज दोन तास शाळेत बसविण्याचे बंधन घातले. रेशमाच्या गिरण्यांना सवलत मिळाली. देखरेखीला सर्व देशासाठी चार निरीक्षक नेमले गेले. या निरीक्षकांना काय आढळले? मूल शाळेत बसल्याचे दाखले ज्या गुरुजींनी द्यावयाचे, त्यांतल्या कित्येकांना स्वतःला लिहिता येत नव्हते; ते दाखल्यावर फुलीची खूण करीत. म्हणून १८४४ च्या कायद्यात दाखल्यावर गुरुजींची स्वतःच्या हातची सही असली पाहिजे, असे लिहावे लागले. त्याच कायद्याने अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा अशी पद्धत आली, आणि ती पुरती मोडण्याचा कायदा व्हायला १९१८ साल उजाडले. सकाळी गिरणीत उभे राहिलेले मूल दुपारी वर्गात डुलक्या घेत असे, ही त्या काळच्या शिक्षकांची नित्याची तक्रार होती.

आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून मात्र दिवसाला नऊ तास काम घेता येत असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सरकारकडे मागण्या धाडल्या. त्यांत आठवड्याची सुटी ही मुख्य होती, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. पुढल्याच वर्षी, १८९१ साली, कायदा सुधारून मुलांच्या कामाचे किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास सातावर आले. लोखंड्यांचे गुरू जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ती प्रत्यक्षात आणली, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला.

या सर्व हकीकतीत एक सूत्र आहे. मुलाच्या दिवसातले काही तास विकाऊ नाहीत. मालकाला ते घेता येणार नाहीत आणि गरजेपोटी बापालाही ते देता येणार नाहीत, असे समाजाने ठरविले. आणि त्यासाठी कायद्याने हात धरला तो बहुधा मालकाचा, क्वचित पालकाचा. गिरणीत सापडलेल्या मुलाला कोणी दंड केला नाही.

आता फोनकडे या दृष्टीने पाहा. फोन हे नुसते यंत्र आहे. त्याच्याविषयी कोणाचे काही भांडण नाही. पण त्यावर जी फुकट मिळणारी माध्यमे आणि खेळ असतात, त्यांची कमाई मुख्यतः जाहिरातींवर चालते. पाहणारा जितका वेळ पडद्यापाशी खिळून राहील तितक्या जाहिराती त्याला दाखविता येतात. म्हणून दर थोड्या वेळाने टुणटुण वाजवून त्याला परत बोलाविण्याची व्यवस्था केलेली असते. ती व्यवस्था पगारी माणसे बसून, मोजमाप करून तयार करतात. वर्गातल्या मुलाला मजूर म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याला घाम येत नाही आणि वेतनही मिळत नाही. परंतु त्याच्या वेळेला बाजारात पुन्हा गिऱ्हाईक आले आहे, ही गोष्ट खरी आहे. शाळेचे पाच-सहा तास या गिऱ्हाइकापासून राखून ठेवावेत, ही मागणी मला म्हणूनच जुन्या कारखाना कायद्याच्या नात्यातली वाटते. मात्र नाते सांगितले की नियमही तशाच न्यायाचा असावा लागतो. तो तसा नसला तर काय होते, हे न्यूयॉर्क शहराने दाखविले आहे.

न्यूयॉर्कची कथा

अमेरिकेत शाळांतली पहिली बंदी फोनवर नव्हती. ती पेजरवर होती. १९८० नंतरच्या दशकात मादक पदार्थांचे विक्रेते पेजर वापरीत, आणि ज्या मुलाजवळ पेजर ते मूल या धंद्यात, असा समज पसरला. अनेक राज्यांनी आणि शहरांनी शाळेत पेजर आणण्यास मनाई केली. न्यूयॉर्क शहराच्या शाळाखात्याने ती १९८८ साली केली. म्हणजे नियम जन्मला तो पोलिसी संशयातून. अभ्यासाचा त्यात संबंध नव्हता. पुढे पेजर गेले, मोबाइल आले, आणि तोच नियम त्यांना लागू झाला. बरीच वर्षे तो कागदावरच होता. शिवाय ११ सप्टेंबर २००१ ला त्या शहरावर जो घाला पडला, त्यानंतर मुलाशी बोलता आले पाहिजे ही पालकांची गरज एकाएकी फार तीव्र झाली.

२००६ च्या एप्रिलात महापौर ब्लूमबर्ग यांच्या कारभाराने शस्त्रे शोधण्यासाठी शाळाशाळांतून फिरती धातुशोधक यंत्रे नेण्यास सुरुवात केली. शस्त्रे थोडी सापडली. फोन हजारांनी सापडले आणि जप्त झाले. त्या वेळी शहराच्या सरकारी शाळांत सुमारे अकरा लाख मुले होती. पालक संतापले. काहींनी फिर्याद केली की, मुलाला वाटेवर सुरक्षित ठेवण्याचा आमचा हक्क या नियमाने बुडतो. न्यायालयाने २००७ साली ती फेटाळली आणि २००८ साली अपीलही फेटाळले गेले. शिस्त राखण्यासाठी असा नियम करणे खात्याच्या अधिकारात बसते, असा निवाडा झाला. कायद्याच्या दृष्टीने बंदी पक्की झाली.

परंतु ती कोणावर पडली? ज्या शाळांच्या दाराशी धातुशोधक यंत्रे कायमची बसविलेली होती, तेथे फोन लपविणे अशक्य होते. या शाळा बहुतेक गरीब वस्त्यांतल्या, काळ्या आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांच्या. ज्या शाळांना अशी यंत्रे नव्हती, तेथले शिक्षक म्हणत, दिसला नाही म्हणजे झाले. तेथली मुले दप्तरात फोन ठेवून खुशाल बसत. एकच शहर, एकच नियम, आणि फाटकागणिक त्याचा अर्थ वेगळा.

मग या गरीब शाळांच्या बाहेर एक नवा धंदा उभा राहिला. आसपासचे दुकानदार आणि खास रंगविलेल्या मोटारगाड्या सकाळी मुलांचे फोन ठेवून घेऊ लागल्या. भाडे दिवसाला एक डॉलर. सकाळी रांग लावून फोन द्यावयाचा, चिठ्ठी घ्यावयाची, शाळा सुटल्यावर पुन्हा रांग. शाळेचे साधारण १८० दिवस धरले तर वर्षाला १८० डॉलर झाले. म्हणजे फोन बंद ठेवण्याचा खर्च ज्याला परवडत नाही त्याच्याच माथी बसला आणि सुखवस्तू मुलाला तो पै-पैशाचाही पडला नाही. २०१२ साली ब्राँक्स भागात अशा एका गाडीवर दरोडा पडला आणि मुलांचे फोन एकदम गेले. ही ठेव ठेवून घेण्याची जबाबदारी शाळाखात्याने कधी स्वतःकडे घेतलीच नव्हती.

महापौर बदलले. नव्या महापौरांनी, बिल डी ब्लासिओ यांनी, आपला स्वतःचा मुलगा शाळेत फोन नेतो हे उघडपणे सांगितले होते. २०१५ च्या मार्च महिन्यात त्यांनी सरसकट बंदी उठविली आणि प्रत्येक शाळेने आपापला नियम करावा असे ठरविले. दिवसाला एक डॉलरचा भुर्दंड थांबला, हे चांगले झाले. पण आता प्रत्येक वर्गातल्या शिक्षकाला दर तासाला स्वतःच भांडावे लागले. एका तासाचे शिक्षक फोन चालू देतात, दुसऱ्या तासाचे देत नाहीत. मूल दोघांची तुलना करून कडक शिक्षकालाच दोष देते. नियम नसला की जुलूम जातो असे नाही. तो खालच्या माणसाच्या अंगावर येऊन पडतो.

दहा वर्षांनी काटा पुन्हा फिरला. २०२५ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा करून त्या सप्टेंबरपासून पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत इंटरनेट चालणारी खासगी उपकरणे शाळेत बंद केली. राज्याच्या शिक्षक संघटनेने या कायद्याला पाठिंबा दिला. वरवर पाहता हे २००६ चेच पुनरागमन वाटते. कलमे वाचली की फरक दिसतो. फोन ठेवण्याच्या सोयीसाठी राज्याने १ कोटी ३५ लाख डॉलर वेगळे काढले. दिवसा पालकाला मुलाशी संपर्क कसा साधता येईल, हे शाळेने ठरवून कळविले पाहिजे. आजारी मुलास, अपंग मुलास, भाषांतराची गरज असलेल्या मुलास आणि घरी कोणाची शुश्रूषा करावी लागणाऱ्या मुलास सवलत आहे. केवळ फोन वापरला एवढ्यावरून मुलाला शाळेतून निलंबित करता येत नाही. शिवाय शिक्षा कोणत्या समाजातल्या मुलांना अधिक झाल्या, याचा दरवर्षी हिशेब प्रसिद्ध करावा लागतो. मोटारगाड्यांसमोरच्या रांगांनी शिकविलेला धडा या कलमांत उतरला आहे. ज्या मुलांनी रोज डॉलर भरला त्यांच्या मात्र तो कामी आला नाही. ती तोवर मोठी होऊन गेली.

पुरावा काय सांगतो

इतर देशांचा मागोवा थोडक्यात घेऊ. फ्रान्सने २०१० साली शिकविण्याच्या तासांत फोन वापरण्यास मनाई केली आणि ऑगस्ट २०१८ च्या कायद्याने साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती सबंध शाळेच्या वेळेला लागू केली. अपंग मुलांना आणि शिकविण्याच्या कामासाठी लागणाऱ्या वापराला त्यात सूट ठेवली. चीनने २०२१ साली, नेदरलँड्सने २०२४ साली आणि ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये असेच निर्बंध आणले. युनेस्कोच्या पाहणीप्रमाणे २०२३ साली जगातल्या चौथ्या हिश्श्याहून कमी देशांत अशी बंदी होती. २०२४ अखेर ती सुमारे ४० टक्के शिक्षणव्यवस्थांत आली. एवढ्या वेगाने पसरणारी गोष्ट तपासून घ्यावी, हे बरे.

इंग्लंडातल्या चार शहरांतील ९१ शाळांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. फोन बंद केल्यानंतर या शाळांत परीक्षेचे निकाल थोडे सुधारले. त्यातही सर्वांत अधिक लाभ अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला. पुढे असलेल्यांना जवळजवळ काहीच फरक पडला नाही. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली आहे, शिकवणी आहे, विचारायला शिकलेली आई आहे, त्याचा वर्गातला एक तास बुडाला तरी तो संध्याकाळी भरून काढता येतो. ज्याला शाळेबाहेर काही नाही, त्याला शाळेचा तास हीच सबंध पुंजी. ती चोरीला गेली तर तो कोणाकडे दाद मागणार?

परंतु उलट बाजूही ऐकली पाहिजे. २०२५ साली बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ३० शाळांतल्या १२२७ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. बंदी असलेल्या शाळांत शाळेच्या वेळेतला वापर कमी होता. पण दिवसभराच्या एकूण वापरात आणि मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात बंदी असलेल्या व नसलेल्या शाळांमध्ये फरक आढळला नाही. शाळेने सहा तास राखले आणि बाकीचे अठरा तास कोणीच राखले नाहीत, तर एवढेच होणार. म्हणून बंदीने सर्व रोग बरे होतील असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शाळेच्या नियमाने शाळेची वेळ राखता येते. तेवढे झाले तरी पुष्कळ आहे.

आपल्या देशात

आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जुलै २००९ मध्ये परिपत्रक काढून विद्यार्थ्यांनी शाळेत फोन आणू नये असे कळविले. त्याच परिपत्रकात शिक्षकांनीही वर्गात, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात फोन वापरू नये असे म्हटले होते. पहिला भाग सर्वांच्या लक्षात राहिला. दुसरा विसरला गेला. त्यानंतर २०१६ साली इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळांना कुलूप लागले. ज्या वस्तूला शाळेत मज्जाव होता, तीच रातोरात शाळा झाली.

त्या काळाचा हिशेब ‘असर’च्या ग्रामीण पाहण्यांत सापडतो. २०२१ साली शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यांतल्याही २६ टक्के मुलांच्या वाट्याला तो येत नव्हता. बाप फोन घेऊन कामावर गेला की शाळा गेली. कित्येक कामगारांनी त्या दिवसांत उचल घेऊन, हप्त्याने, मुलासाठी फोन घेतले. आज त्यांनाच कोणी म्हणू लागले की, तुम्हीच मुलांना नादी लावले, तर तो अन्याय आहे. त्यांनी शाळेची फी भरावी तसा तो फोन घेतला होता.

२०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःच्या मालकीचा फोन ३६ टक्के मुलांजवळ होता आणि मुलींपैकी २७ टक्क्यांजवळ. हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा. बंदीचा विषय निघाला की आपल्या समाजाचा हात प्रथम मुलीच्या फोनकडे जातो. केरळात एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन काढून घेण्याचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा हुकूम दिला आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. ती प्रौढ विद्यार्थिनी होती आणि संध्याकाळ तिच्या अभ्यासाची वेळ होती. शाळकरी मुलाच्या तासाची गोष्ट वेगळी, हे खरे. तथापि शिस्तीच्या नावाखाली कोणाला घरात कोंडले जात आहे काय, हे प्रत्येक नियमाबाबत तपासलेच पाहिजे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या प्रश्नावर एक समतोल निकाल दिला. सरसकट बंदी इष्टही नाही आणि चालण्याजोगीही नाही. शक्य असेल तेथे शाळेत आल्यावर फोन जमा करून घरी जाताना परत द्यावा. वर्गात त्याचा वापर होऊ देऊ नये. आणि हे धोरण पालक, शिक्षक व जाणकार यांच्याशी विचारविनिमय करून आखावे, असे न्यायालयाने सांगितले.

परंतु मला सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण वाटते ते आपल्या सांगली जिल्ह्यातले. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ साली ठरविले की, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास गावातले मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच बंद. मुलांनी अभ्यासाला बसावे, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. गिरणगावातला भोंगा माणसांना कामावर बोलावी. हा भोंगा माणसांचा वेळ त्यांना परत देण्यासाठी वाजला. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. हा नियम मुलांपुरता नव्हता. बापाने पडद्यासमोर बसून मुलाला पुस्तक उघडायला सांगावे, ही सोय त्यात ठेवलेली नव्हती. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल बंद करण्याचा ठराव केला. दोन्ही गावांचा हेतू चांगलाच होता. फरक एवढाच की एका गावाने नियम सर्वांनी मिळून उचलला आणि दुसऱ्याने तो मुलांच्या डोक्यावर ठेवला.

नियम कसा असावा

आता आपल्या चार प्रश्नांकडे येऊ. कारखान्यात पूर्वी मालकाच्या लहरीप्रमाणे दंड होत. उशीर झाला, दंड, बोलला, दंड, सूत तुटले, दंड. हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने आवरले. दंड वेतनाच्या ठराविक हिश्श्याहून अधिक नसावा. कामगाराला बाजू मांडू दिल्याशिवाय तो करू नये. दंडाचा पैसा कामगारांच्या हिताच्या कामीच लागावा. आणि पंधरा वर्षांखालील कामगाराला मुळीच दंड करू नये, असे त्या कायद्यात होते. पुढे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मोठ्या कारखान्यांतले नियम लेखी असावेत, कामगारांचे म्हणणे ऐकून ते प्रमाणित व्हावेत आणि कामगारांना समजेल अशा भाषेत लावले जावेत, हे बंधन आले. आता हे कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. त्यांविषयी आमचे भांडण आहे, पण तो आजचा विषय नव्हे. सांगावयाचे ते हे की, जी किमान न्यायबुद्धी गिरणीतल्या कामगाराला मिळाली, ती सातवीतल्या मुलाला नाकारण्याचे कारण नाही. फोन सापडला म्हणून पाचशे रुपये दंड करणाऱ्या किंवा मुलाच्या देखत तो फोडून टाकणाऱ्या शाळांच्या हकीकती आपण ऐकतो. तो फोन पुष्कळदा बापाने हप्त्याने घेतलेला असतो आणि हप्ते अजून फिटायचे असतात.

संपर्काच्या प्रश्नाबद्दलही एक अनुभव सांगतो. औद्योगिक वसाहतीत कित्येक कारखान्यांत कामगारांना पाळीवर जाताना आपले फोन फाटकावरच्या पेटीत ठेवावे लागतात. अशाच एका कारखान्यातल्या बाईंचा मुलगा शाळेत पडून त्याचा हात मोडला. शाळेने तीनदा फोन लावला. तो पेटीत वाजत राहिला. पाळी सुटल्यावर त्यांना कळले. त्यानंतरच्या वाटाघाटींत आम्ही फोन यंत्रापाशी नेऊ द्या असे म्हटले नाही, कारण यंत्रापाशी फोन नेणे धोक्याचे आहे हे आम्हीही जाणतो. आम्ही मागितले ते एवढेच : टाइम ऑफिसात एक दूरध्वनी, तो उचलणारा एक माणूस, आणि आलेला निरोप ताबडतोब यंत्रापर्यंत पोचविण्याची लेखी जबाबदारी. ते मिळाले. यावरून दिसेल की, प्रत्येक मुलाच्या खिशात फोन असला तरी कामकरी आईशी त्याचा संपर्क होईलच असे नाही. दोन्ही फाटकांवर फोन उचलणारे जबाबदार माणूस असले तर तो होतो. जी शाळा मुलांचे फोन जमा करते, तिने कचेरीतला फोन उचलला गेला पाहिजे, ही हमी दिलीच पाहिजे.

म्हणून माझ्या मते शाळेची वेळ फोनपासून मोकळी ठेवावी. पण नियम लेखी असावा आणि पालकसभेत वाचून, चर्चा करून तो ठरावा. वर्गात शिक्षकांनाही तो लागू असावा. फोन ठेवण्याच्या कपाटाचा आणि त्याच्या सुरक्षिततेचा खर्च शाळेने किंवा सरकारने करावा. मुलाकडून एक पैसाही घेऊ नये. फोन त्याच दिवशी परत मिळावा, दंड नसावा, आणि नापास करण्याची किंवा नाव काढण्याची धमकी तर नसावीच. आजारी, अपंग आणि घरची जबाबदारी असलेल्या मुलांची अडचण आधीच विचारून घ्यावी. आणि अभ्यास, सूचना, गृहपाठ सर्व काही फोनवरच धाडण्याची जी सवय शाळांना साथीच्या काळापासून लागली आहे, ती त्यांनी सोडावी. दिवसा फोनला मनाई करावयाची आणि रात्री दहा वाजता गृहपाठ त्याच फोनवर पाठवावयाचा, याला शिस्त म्हणत नाहीत.

शाळेबाहेरच्या अठरा तासांत मुलांचा वेळ विकून जे कमावतात, त्यांच्यापर्यंत शाळेच्या नियमाचा हात पोचत नाही. १८३३ च्या कायद्याने मालकाच्या दाराशी निरीक्षक धाडला तसा निरीक्षक या धंद्याच्या दाराशी धाडणे हे संसदेचे काम आहे, आणि ते करून घेणे हे आपले. त्याला वेळ लागेल. लोखंड्यांच्या पहिल्या सभेपासून रविवारच्या सुटीपर्यंत सहा वर्षे गेली होती.

पण गावातल्या शाळांच्या नियमाला तितका वेळ लागण्याचे कारण नाही. जूनमध्ये शाळा उघडतील. त्यापूर्वी पालकसभा बोलवा असे मुख्याध्यापकांना सांगणे आपल्या हाती आहे, आणि जे पालक पाळीमुळे दिवसा येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी ती सभा रविवारी ठेवा, असेही सांगणे आपल्या हाती आहे.